लॅपटॉपचे दात

माण तालुक्यात कुणाच्या लॅपटॉपमध्ये पाणी गेलं म्हटलं, तर लोक लॅपटॉपचं काय झालं हे विचारत नाहीत; पाणी कुठं मिळालं ते विचारतात. म्हणूनच साताऱ्याच्या सर्व्हिस सेंटरमधल्या बाईंनी माझ्यापुढं कागद सरकवला आणि त्यावर ‘लिक्विड डॅमेज, वॉरंटी लागू नाही’ असं मी वाचलं, तेव्हा माझ्यातला माणदेशी माणूस खवळला.

“अहो ताई, मी म्हसवडकडचा. आमच्याकडं टँकर आला की हंड्यांना नंबर लावावे लागतात. जिथं लिक्विड माणसालाच पुरत नाही, तिथं लॅपटॉपला कोण पाजत बसतंय?”

भाषण झकास जमलं होतं. मागच्या रांगेतल्या दोघांनी माना डोलावल्या. एक जण तर “खरंय हो, दुष्काळी भागाला कुणी वाली नाही,” असंही म्हणाला. बाई काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि एका पोराला घेऊन आल्या. पोराच्या हातात माझ्या लॅपटॉपचा उघडा सांगाडा होता. त्यानं तो माझ्या नाकाशी धरला.

“सर, आल्याचा वास येतोय.”

मग त्यानं चिमट्यात धरून एक मेलेली लाल मुंगी दाखवली. “आणि साखर बरीच होती.”

मागची रांग एकदम शांत झाली. दुष्काळी भागाचा कैवारी तर मोबाईलमध्येच शिरला.

खरं सांगायचं तर कप अर्धाच होता. मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवतो, म्हणजे निम्मा वेळ शिकवतो आणि निम्मा वेळ शिकवल्याची माहिती भरतो. त्या रात्री यू-डायस प्लसची शेवटची मुदत होती. सर्व्हर दिवसा सगळ्या महाराष्ट्राच्या मास्तरांनी धरून ठेवलेला असतो, तो मध्यरात्रीनंतर कुठं मोकळा होतो. पावणेदोनला पडद्यावर चक्र फिरत होतं, मी त्या चक्राकडं बघत होतो, आणि सौभाग्यवतींनी जागरणासाठी करून दिलेला आल्याचा चहा माझ्या कोपराकडं बघत होता. पुढचं सगळं एका क्षणात झालं. मी लॅपटॉप उलटा केला, गंजिफ्रॉकनं पुसला, तासभर फॅनखाली ठेवला आणि सकाळी घरात सांगितलं, “आपोआप बंद पडला. कंपनीच भिकार.”

हे मी इतक्या जणांना सांगितलं की साताऱ्याला पोचेपर्यंत माझाही त्यावर विश्वास बसला होता. त्या कंपनीचं नाव मी इथं घेत नाही. तिचा दोष नव्हता हे एक, आणि तिनं उद्या मला आल्याचा हिशेब मागू नये हे दुसरं.

मदरबोर्डाचा खर्च नव्या लॅपटॉपच्या निम्म्याहून जास्त होता. वाकळेत गुंडाळून नेलेलं ते कलेवर तसंच वाकळेत गुंडाळून, पुसेगाव-दहिवडीमार्गे यष्टीनं परत आणलं. घरी ओसरीवर आबा बसले होते. आबा म्हणजे माझे वडील. उभी हयात खिल्लार जनावरांत गेलेली. त्यांच्यापुढं त्या दिवशी मोबाईलवर एका मुलाचा फोटो होता, कारण माझ्या भाचीसाठी स्थळं बघणं चालू होतं आणि आबांनी त्या मोसमातली सात स्थळं नापास केली होती.

“गेला?” त्यांनी वाकळेकडं बघून विचारलं.

“गेला.”

“घेताना दात बघितलं व्हतं का?”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. खिल्लार खोंडाचं वय जन्मदाखल्यावरून ठरत नाही, दातांवरून ठरतं. दुधाचे दात असले तर आदत, दोन पडून आले तर दुसा, चार आले तर चौसा, सगळे भरले की जुळलेला. खरसुंडीच्या पौषी यात्रेत आबा नुसत्या दोन बोटांनी ओठ उचलायचे आणि मालक ‘तिसऱ्या वरसात हाय’ म्हणत असताना ‘पाच पावसाळं झाल्यात’ असं सुनवायचे. शिवाय शिंगांची ठेवण, खुरांचा रंग, शेपटीची बारीकी, अंगावरचे भोवरे. भोवरा चुकीच्या जागी असला तर फुकट दिला तरी बैल घ्यायचा नाही. त्यात पुन्हा जाती: हणम, म्हसवड, आटपाडी महाल आणि नकली. होय, ‘नकली खिल्लार’ ही खरोखरच जात आहे, शिवी नाही. लॅपटॉपच्या चार्जरलाही ही जात लागू आहे, हे मला म्हसवडच्या बाजारात कळलं होतं; पण तो वेगळा खड्डा.

“आबा, लॅपटॉपला दात नसतात.”

“मग वय कळतंय कसं?”

याला उत्तर नव्हतं. दुकानातला लॅपटॉप खोक्यात किती पावसाळे काढून बसलाय हे मला आजही सांगता येत नाही.

ठरवलं, की या वेळी नीट चौकशी करून घ्यायचा. टिकाऊ पाहिजे आणि बिघडला तर दुरुस्त करणारा पाहिजे, एवढ्या दोनच अटी. मी केंद्रातल्या शिक्षकांच्या ग्रुपवर विचारलं, “लॅपटॉप कुठला घ्यावा?”

पंधरा मिनिटांत एकोणीस उत्तरं आली आणि माझ्या एक गोष्ट लक्षात आली. ज्याचा लॅपटॉप चांगला चालतो तो म्हणतो, हाच घ्या. आणि ज्याचा बंद पडलाय तो त्याहून मोठ्यानं म्हणतो, हाच घ्या. जावई वाईट निघाला की सासरा त्याची जास्त तारीफ करतो, तसलाच प्रकार. एका सरांनी एका कंपनीला पाच अंगठे दिले. मी त्यांना फोन केला.

“किती वर्षं वापरताय सर?”

“मी कुठला वापरतोय? मी मोबाईलवर भागवतो. पण मेव्हण्याकडं आहे.”

“त्याला काही त्रास?”

“त्याचा चोरीला गेला ना, दुसऱ्याच महिन्यात. पण तोवर एकदाही बंद पडला नाही!”

दुसऱ्या एका सरांनी सुप्रभातचं फूल टाकलं. एका बाईंनी “सर, तुमच्या शाळेचं यू-डायस झालं का?” असं विचारून जखमेवर मीठ चोळलं. मग केंद्रप्रमुखांनी “ग्रुपवर फक्त शैक्षणिक पोस्ट टाकाव्यात” असं लिहिलं आणि पाठोपाठ स्वतःच्या लॅपटॉपच्या कंपनीचं नाव मला खासगीत कळवलं.

बायकोचा भाऊ त्रिशूरला असतो. आटपाडी-विट्याकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. कुठल्याही शहराच्या सराफकट्ट्यात जा, सोनं आटवणारा आपल्याकडचा भेटणार. त्याला फोन केला.

“दाजी, आमच्या धंद्यात एकच. आटवल्याबिगर कस कळत न्हाय. घ्या आन् तापवून बघा.”

तापवायचं काम आमच्याकडं सरकारी खर्चानं होतं. एप्रिलमध्ये पत्र्याच्या वर्गात लॅपटॉप चालू केला की पंखा असा घोंघावतो, जणू शेजारी पिठाची गिरणी लागलीय. आत बारीक लाल माती बसते, पंख्याची पाती जाम होतात, उष्णता बाहेर पडायची वाट बुजते आणि मग लॅपटॉप स्वतःला वाचवायला आपोआप बंद होतो. मुलांना वाटतं गुरुजींनी सुट्टी दिली.

भाचा हिंजवडीत आयटीत आहे. खऱ्या ज्ञानासाठी शेवटी त्याच्याकडं वळलो. त्यानं स्वतःच्या पैशानं आजवर एकही लॅपटॉप घेतलेला नाही, कारण कंपनी देते. त्यामुळं त्याचं मत अगदी निःपक्ष होतं.

“मामा, एक अमेरिकन पाहणी आहे. स्क्वेअरट्रेड नावाची कंपनी, वॉरंटी विकणारी. तिनं 2009 मध्ये तीस हजार लॅपटॉपचा हिशेब मांडला. तीन वर्षांत शंभरातले एकतीस बिघडतात.”

“एकतीस?”

“त्यातले साधारण वीस आपोआप. बाकीचे माणसांनी पाडले, नाहीतर सांडलं.”

मी विषय बदलला. “पहिला नंबर कुणाचा?”

“असुस पहिला, तोशिबा दुसरा, सोनी तिसरा.”

“मग तोशिबा घेतो. जपानी माल. नंबर दुसरा म्हणजे किंमत पण बेताची असेल.”

“तोशिबा या धंद्यातून पार बाहेर पडली मामा, 2020 मध्ये.”

“सोनी?”

“सोनीनं 2014 लाच वायो विकून टाकला.”

आबा शेजारी कान देऊन बसले होते. “म्हंजी,” ते म्हणाले, “बैल ठणठणीत ऱ्हायला आन् मालकानंच दावण मोडली.”

भाचा मात्र आता सुटला होता. तो म्हणाला, की नावांवर जाऊ नका, तैवानच्या क्वांटा आणि कॉम्पॅल या कंपन्या एकेकाळी जगातले कितीतरी लॅपटॉप बनवून द्यायच्या आणि मोठमोठ्या कंपन्या त्यावर आपापला शिक्का मारायच्या. आज एकमेकींच्या नावानं बोटं मोडणाऱ्या कंपन्यांचे लॅपटॉप शेजारीशेजारी जन्माला आलेले असू शकतात. आयबीएमचा थिंकपॅड 1992 पासून टणक म्हणून गाजला, तो 2005 मध्ये चिनी लेनोवोकडं गेला, नाव तेच राहिलं. आणि 2006 मध्ये डेलला एक्केचाळीस लाख बॅटऱ्या परत घ्याव्या लागल्या, तर त्या बॅटऱ्यांत सेल सोनीचे होते.

“गोठा एकच,” आबांनी निकाल दिला, “कासरा तेवढा येगळा.”

माझ्या चौकशीची वही भरली होती आणि चौकशी सुरू केली तेव्हा जेवढं कळत होतं त्याहून कमी कळू लागलं होतं. तेव्हा आबांनी उपरणं खांद्यावर टाकलं. “चल, म्या येतो सातारला.”

“आबा, तुम्हाला त्यातलं काय कळणार?”

“तुला कळतंय, म्हणून तर चाच्यात बुडवलास.”

म्हणजे घरात कळलं होतं तर. सौभाग्यवतींनी चहाचा डाग गंजिफ्रॉकवरच ओळखला होता आणि फक्त योग्य वेळेची वाट बघितली होती.

साताऱ्यात मोठ्या दुकानात शिरलो. काचेच्या टेबलावर तीस-चाळीस लॅपटॉप आ करून उभे होते. विकणारा मुलगा टाय घालून पुढं आला. “सर, बजेट काय? गेमिंग की ऑफिस?”

“यू-डायस,” मी म्हणालो.

आबांनी मात्र थेट एका लॅपटॉपचं झाकण धरलं. हळूच मिटलं, उघडलं, परत मिटलं. मग कान लावून ऐकलं. “जबडा ढिला हाय ह्येचा.”

मुलगा हसला. नंतर त्यानंही एकदा उघडून बघितलं आणि तो हसायचा थांबला. बिजागरी एका बाजूनं खरंच हलत होती. डिस्प्लेला ठेवलेला होता, दिवसातून शंभर गिऱ्हाइकं उघडमीट करतात, असं तो म्हणाला. “मग आमच्या हितं चाळीस पोरं हायती,” आबा म्हणाले आणि पुढच्या लॅपटॉपकडं सरकले. त्यांनी पोटाखालून हात फिरवला, पंख्याची जाळी चाचपली, कीबोर्डच्या मधोमध अंगठा दाबून पाठ लवते का बघितलं. एकाचा काळा चकचकीत पाठीमागचा भाग बघून म्हणाले, “लई तेल लावलंय. इकायला आणल्यालं दिसतंय.” तो मुलगा त्यांच्यामागं वही घेऊन फिरू लागला होता.

मी आपला अभ्यास दाखवावा म्हणून विचारलं, “रॅम वाढवता येईल का?”

“नाही सर, ह्यात रॅम बोर्डालाच जोडलेली आहे. गेली तर बोर्डच बदलायचा.”

“म्हंजी दात पडला तर मुंडकंच बदलायचं,” आबा म्हणाले. “ह्यो नगं.”

शेवटी एक करडा, जाडसर, रूपानं बेताचा लॅपटॉप आबांच्या मनात भरला. झाकण घट्ट, पाठ ताठ, पोटाखालचं झाकण साध्या स्क्रूंनी उघडणारं. मी किंमत विचारली. मुलानं सांगितली. आणि आबांनी खांद्यावरचं उपरणं काढून मुलाच्या हातावर टाकलं, आपला हात आत घातला आणि त्याची बोटं धरली.

मुलाचा चेहरा पडला. बैलबाजारात भाव असाच ठरतो, कापडाखाली बोटं दाबून, म्हणजे चार माणसांत आकडा फुटत नाही. पण हे त्या मुलाला कुणी सांगितलं नव्हतं. तो आधी माझ्याकडं, मग मॅनेजरकडं आणि मग आबांच्या मिशांकडं बघू लागला. आबांनी तीन बोटं दाबली. तो घाबरून म्हणाला, “बाबा, फिक्स प्राइस आहे.” आबांनी दोन बोटं दाबली. मॅनेजर धावत आला, कारण त्याला वाटलं म्हाताऱ्याला चक्कर आली. दहा मिनिटांनी आम्हाला लॅपटॉपसोबत एक बॅग, एक माऊस आणि थंड पाण्याच्या दोन बाटल्या फुकट मिळाल्या. कुठल्या बोटाला कुठली वस्तू लागू पडली, हे मला अजून उलगडलेलं नाही.

पैसे मोजायच्या आधी आबांनी खरा प्रश्न काढला. “आजारी पडला तर?”

मुलानं वॉरंटीचे प्रकार सांगितले. एकात लॅपटॉप आपण सर्व्हिस सेंटरला न्यायचा. दुसऱ्यात, म्हणजे ऑन-साइटमध्ये, इंजिनियर सुटे भाग घेऊन घरी येतो. तिसरं वेगळे पैसे भरून घ्यायचं कवच: पडला, फुटला, सांडलं तरी चालतं. ‘सांडलं’ म्हणताना तो माझ्याकडं का बघत होता कुणास ठाऊक. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

“डाक्तर दावणीला येनार म्हंता?”

“हो बाबा, घरी.”

आबांनी लगेच मान हलवली. 2012-13 च्या दुष्काळात ते आमचे दोन बैल आणि एक म्हैस घेऊन म्हसवडच्या चारा छावणीत काही महिने राहिले होते. तिथं जनावराचा डॉक्टर दावणीपाशी येऊन इंजेक्शन देऊन जायचा. तेव्हापासून आबांचं ठाम मत आहे, की जनावर कसलं का असेना, डॉक्टर चालत येण्याएवढ्या अंतरावर पाहिजे. मी तीन आठवडे कंपन्यांच्या वंशावळी लिहीत बसलो होतो, आणि त्यांनी एका प्रश्नात सौदा उरकला.

“पिनकोड सांगा,” मुलगा म्हणाला. “सेवा आहे का बघतो.”

“415509.”

पडद्यावर बराच वेळ चक्र फिरलं. मी सवयीनं आसपास कुठं चहाचा कप नाही ना ते बघितलं. मग हिरवी खूण आली. ऑन-साइट तीन वर्षं घेतली, आणि आबांनी “त्ये सांडायचं बी घाला” म्हणून चारचौघांत माझी किंमत लावली.

सात आठवड्यांनी तो करडा लॅपटॉप बंद पडला. या वेळी मी निरपराध होतो. देवाशपथ सांगतो, घरातला चहा तेव्हापासून फक्त ओसरीवर घ्यायचा असा नियम होता. कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडून हिंदी आली. माझी हिंदी पाचवीच्या पुस्तकापुरती.

“सर, स्क्रीन पे कुछ दिख रहा है?”

“नहीं. पूरा काला दिसताय. अमावस्या जैसा.”

“चार्जर निकालकर पावर बटन तीस सेकंड दबाके रखिए.”

दाबलं. आबा शेजारी मोठ्यानं आकडे मोजत होते. काही झालं नाही.

“सर, घर के पास कोई लैंडमार्क?”

“बिरोबा का मंदिर है. उसके बाद वड का झाड.”

“और उसके बाद?”

“उसके बाद माळ.”

पलीकडं टायपिंगचा आवाज आला. त्यांच्या कागदावर ‘मॉल’ असं पडलं, हे नंतर इंजिनियर आला तेव्हा कळलं. तो बिचारा तासभर आमच्या शिवारात मॉल शोधत होता.

तिसऱ्या दिवशी तो मोटारसायकलवरून आला, पाठीवर बॅग, केसांत लाल माती. वय पंचवीसच्या आतलं. आबांनी आधी त्याला पाण्याचा तांब्या दिला. मग सौभाग्यवतींनी चहा आणला. तो घेणार तेवढ्यात त्यानं कप लांब, पार तुळशीकट्ट्यावर नेऊन ठेवला आणि मगच लॅपटॉप उघडला. आबांनी माझ्याकडं बघितलं. मी कोंबड्यांकडं बघितलं.

कोंबड्यांकडं बघायला नको होतं, लक्ष ठेवायला हवं होतं. मदरबोर्ड बदलताना त्यानं बारके स्क्रू एका जर्मनच्या ताटलीत ओळीनं मांडले होते. आमची तांबडी कोंबडी आली, मान वाकडी केली आणि एक स्क्रू टिपून निघून गेली. मी तिच्यामागं धावलो. तिनं गिळला.

“काय लिहू रिपोर्टात?” त्यानं विचारलं.

“लिक्विड डॅमेज तर नाही ना?”

त्यानं शांतपणे ‘एक स्क्रू कमी’ असं लिहिलं. नवा बोर्ड बसला, पडदा उजळला. पंचवीस मिनिटांत काम. पण तोवर वस्तीत बातमी गेली होती, की कंपनीचा माणूस आलाय. मिक्सर आला, दोन रिमोट आले, एक बंद घड्याळ आलं, आणि तात्या मोटारीचा स्टार्टर पोत्यात घालून घेऊन आले. तो म्हणत होता, “काका, मी लॅपटॉपचा आहे.” तात्या म्हणाले, “वायर ती वायरच की.” मिक्सर चालू झाला. स्टार्टरला त्यानं नुसता हात लावला तरी तात्या खूश झाले. जेवण झाल्यावर तो बाजरीचं पीठ आणि शेंगदाण्याची पुडी घेऊन गेला.

रविवारी दुपारी कंपनीचा फोन आला. मी अंघोळीला होतो. आबांनी उचलला आणि चुकून स्पीकर लागला, त्यामुळं सगळं मोरीपर्यंत ऐकू आलं.

“सर, हमारे इंजीनियर की सर्विस को एक से दस में कितने नंबर देंगे?”

“धा. पोरगं झ्याक हाय. निर्व्यसनी दिसलं. पान-तमाकू न्हाय.”

“धन्यवाद सर. और कोई सुझाव?”

“हाय की. लगीन झालंय का त्येचं?”

“सर, यह जानकारी हमारे सिस्टम में नहीं है.”

“मग शिष्टमवाल्याला इचारून सांगा,” आबा म्हणाले. “आन् घरचं रान किती हाय, त्ये बी.”